दहा मजल्यांची पावलं

६ फेब्रुवारी

खुडबुड्या,

तुला आणि तुझ्या बायकोला आत्याचे आशीर्वाद. दोघांनी सारखे वाटून घ्या.

पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडी शाईत नाचल्यासारखंच आहे, पण लागलं एकदाचं. ‘आत्या, फोन का उचलत नाहीस’ असं तू तिसऱ्यांदा विचारलंयस, म्हणून तिसऱ्यांदा सांगते. हॉस्पिटलच्या फोनच्या खोलीत मी चौतीस वर्षं ते यंत्र कानाला लावून बसले. कुणाचा बाप गेला, कुणाला मुलगी झाली, सगळं माझ्या कानातून पुढे गेलं. आता पुरे झालं. तू आपलं पत्र लिही. पत्र कसं, आलं की गुपचूप दाराखाली पडून राहतं. उचल, उचल म्हणून ओरडत नाही.

सिनेमांचं विचारलंस. दर गुरुवारी दुपारचा खेळ, मी आणि माझी लायब्ररीवाली मैत्रीण, त्यात खंड नाही. मला सिनेमातलं काही कळत नाही हे आधीच सांगून ठेवते. मला आवडतं किंवा आवडत नाही, आणि बहुतेक वेळा आवडतंच. लायब्ररीवाली म्हणते, तुला काहीही दाखवा. म्हणू दे.

गेल्या गुरुवारचा तर मनात घर करून बसलाय. दोघे भाऊ असतात, लोकांचं घरसामान ट्रकमधून हलवणारे. दोघांत काहीतरी बिनसलेलं, एकमेकांकडे बघत नाहीत. एका घरातून आरशाचं मोठं कपाट न्यायचं असतं, दोन्ही टोकांना दोघे. थोरला पुढे, पाठमोरा. धाकट्याला त्याचा चेहरा दिसायचं कारण नाही. पण वळणावर दुकानाच्या काचेत आरसा दिसतो आणि आरशात थोरला दिसतो, आणि तो रडत असतो रे! धाकटा बघतो. आणि कपाटाची आपल्या बाजूची कड जरा खाली घेतो. म्हणजे ओझं आपल्याकडे यावं. असं कुणाला सुचतं? घरी आल्यावर मी चहा करायलाही विसरले.

त्याआधीचा पोलिसांचा होता. फार बोलतात सगळे त्यात, आणि कुणी कुणाला काही सांगत नाही. पण एक कारकून दाखवलाय, तो खोटं बोलताना एका हाताने संत्रं सोलतो, आणि साल एकदाही तुटत नाही. तेवढ्यावर मी त्या सिनेमाचे सगळे गुन्हे माफ केले.

तुझं नवीन काम काय आहे ते नीट लिही. शेजारीण विचारते, भाचा काय करतो, तर मी सांगते, सिनेमात असतो. मग ती विचारते, कुठे दिसतो. आता काय सांगू?

तुझी,
आत्या

*

१५ फेब्रुवारी

आत्या,

साष्टांग नमस्कार. शेजारणीला सांग, दिसत नाही, ऐकू येतो.

आता नीट सांगतो. शूटिंगच्या वेळी नटांचं बोलणं तेवढं नीट पकडतात. बाकीचे आवाज, म्हणजे पावलं, दारं, कपड्यांची सळसळ, कप ठेवल्याचा टक्, हे सगळे कच्चे येतात नाहीतर येतच नाहीत. ते नंतर आम्ही करतो. एक बंद खोली, समोर पडदा, जमिनीवर चौकोन: एक फरशीचा, एक लाकडाचा, एक खडीचा, एक वाळूचा. पडद्यावर माणूस चालतो आणि त्याच्या पावलाला पाऊल लावून मी इथे चालतो. कपाटात माझे एक्कावन्न जोड आहेत चपला-बुटांचे. बायको म्हणते, माझे चारच आहेत.

आजवर मी दुसऱ्यांच्या हाताखाली होतो. हा पहिला सिनेमा पूर्ण माझा. एका बाईची गोष्ट आहे. दहा मजली इमारतीचे जिने पुसते. मुलगी सहा वर्षांपूर्वी भांडून निघून गेलेली. आणि शेवटी एके दिवशी बाई दहाव्या मजल्यावर असताना खालून मुलीची हाक येते. बाई खाली उतरते. बस. दहा मजले, एक बाई, एक जिना, आणि त्यात एक शब्द नाही. म्हणजे तिथे बोलणार कोण, तर मी!

चार दिवस मागून घेतलेत त्या जिन्यासाठी. दिग्दर्शिका मॅडम कमी बोलतात, पण हो म्हणाल्या.

आठवतं, शाळा सुटल्यावर मी तुझ्या फोनच्या खोलीत येऊन बसायचो? तू एक कान मला द्यायचीस आणि म्हणायचीस, माणूस बोलायच्या आधी त्याचा श्वास येतो, तो ऐक. घाबरलाय की चिडलाय की नुसता दमलाय, ते तिथेच कळतं. मी आज जे काही करतो ते तिथे शिकलो. म्हणून एकच मागणं आहे. सिनेमा आला की बघ, आणि जिन्याचा प्रसंग आला की डोळे मिटून ऐक. आणि मग खरं खरं लिही. तू मला उगाच कधी चढवलं नाहीस, म्हणून तुझ्याकडून हवंय.

तुझा,
खुडबुड्या

*

२ मार्च

खुडबुड्या,

डोळे मिटून सिनेमा बघायला सांगणारा तू पहिलाच. बघू.

शेजारणीला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे चालायचंच काम ना? मी म्हटलं, हो, पण दुसऱ्याच्या पायांनी.

या गुरुवारचा सिनेमा एका म्हाताऱ्या जोडप्याचा होता. सत्तरीला आल्यावर दोघे पोहायला शिकायचं ठरवतात. त्यातला म्हातारा पहिल्यांदा पाण्यात उतरतो तेव्हा शिडीचा दांडा सोडत नाही. कॅमेरा त्याच्या बोटांवरच. एक बोट सुटतं, मग दुसरं, मग पुन्हा दोन्ही घट्ट. आणि काठावर त्याची बायको स्वतःची बोटं तशीच आवळत असते, तिला पत्ताच नाही. मला इतकं हसू आलं आणि मग एकदम भरून आलं. तुझे काका रे, माझे यजमान, ते शेवटच्या आजारात कॉटची कड असेच धरायचे. माणसांना हे सगळं ठाऊक असतं आणि ते असं पडद्यावर मांडतात, मला नवलच वाटतं.

लायब्ररीवालीचं काहीतरी बिनसलंय. मागच्या गुरुवारी मध्यंतरात ती काहीतरी म्हणाली, मी हसले, तर फणकाऱ्याने उठली आणि बाहेर गेली. परत आलीच नाही. या वेळी आली तर चार रांगा पुढे जाऊन बसली. वयपरत्वे माणसं हट्टी होतात. मीही हट्टी आहे, मी काही विचारायला जाणार नाही.

तुझा जिना कुठवर उतरला?

तुझी,
आत्या

*

२० एप्रिल

आत्या,

उशिरा लिहितोय, रागावू नकोस.

जिना झाला. चार दिवसांत सात जोड चपला वापरल्या. तळवे सोलून निघाले. सिनेमा पुढच्या महिन्यात येतोय. जमलं तर बघ, नाही जमलं तरी हरकत नाही.

मेहुण्याचं फर्निचरचं वर्कशॉप आहे ना, तो म्हणतोय तिकडे ये. लाकूड मला कळतं, हात चालतो. जूनअखेरपर्यंत सांगायचंय. विचार चाललाय. एक गोष्ट बरी आहे, टेबल केलं की ते टेबल राहतं. कुणी येऊन ते काढून नेत नाही.

बायको बरी आहे. तू तब्येतीला जप.

खुडबुड्या

*

२२ मे

अरे खुडबुड्या,

काल बघून आले, आणि आज दुसरं काहीही न करता आधी हे लिहायला बसलेय.

फर्निचर? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

पहिल्यापासून सांगते. ती नटी कोण आहे मला माहीत नाही, पण तिने आयुष्यात खरंच जिने पुसलेत अशी माझी खात्री आहे. फडकं पिळताना मनगट कसं फिरवते! पाणी बादलीच्या बाहेर थेंबभर जात नाही. आणि पायऱ्या पुसताना ती कधीच पुढे तोंड करून उतरत नाही, मागे मागे सरकत येते. म्हणजे सहा वर्षं ती वर बघत, मागे मागे चाललेली आहे. हे मला घरी आल्यावर सुचलं.

मुलीची खोली तिने तशीच ठेवलेली असते वगैरे, ते इतर सिनेमांत असतं तसंच आहे. तेवढं मला फिकं वाटलं. पण मग जिना.

मी डोळे मिटले नाहीत. तुझं ऐकलं नाही, माफ कर. डोळे मिटवेचनात. पण पावलं मी ऐकली, पायरी न् पायरी ऐकली. पहिले दोन मजले ती धावत नाही. जिना ओला आहे, तिनेच आत्ता पुसलाय, म्हणून चपला फरशीला चिकटत उतरतात, चप्-चप्, जपून. आठव्यावर तिला विश्वास बसतो की हाक खरी होती, आणि पावलं वेडीवाकडी होतात, एक पायरी, मग दोन एकदम, मग एक. सहाव्यावर डावी चप्पल निसटते. ती थांबत नाही. मग मजलाभर एक पाय चपलेचा आणि एक उघडा, फट्-थप, फट्-थप, लंगड्या माणसासारखं. पाचव्यावर दुसरीही भिरकावते. आणि मग नुसते तळवे. उघड्या पायाचा आवाज किती मऊ असतो रे, आणि किती घाईचा! आणि तिसऱ्या मजल्यावर, कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा इतका वेळ खुळखुळत असतो, तो ती मुठीत घट्ट धरते. खुळखुळ एकदम बंद. का, तर खालून पुन्हा हाक आली तर ती चुकू नये म्हणून. तिथे मी रडले. थिएटरात कुणी बघेल म्हणून तोंडाला पदर लावला.

हे तू केलंस. तुझ्या पायांनी केलंस. तुझा बाप असता तर गल्लीभर सांगत सुटला असता. तो नाही, म्हणून मी सांगत सुटलेय.

मेहुण्याला नाही म्हणून कळव.

तुझी,
आत्या

*

२९ मे

आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना आनंद झाला, तो अर्ध्या मिनिटात उतरला.

जिन्याच्या प्रसंगात आवाज नाहीये. एकही नाही. मुलीची हाक येते तिथून बाई तळमजल्यावर पोहोचेपर्यंत एक मिनिट पन्नास सेकंद सगळं बंद आहे. पावलं नाहीत, किल्ल्या नाहीत, श्वास नाही. माझं चार दिवसांचं काम मॅडमनी एका दुपारी काढून टाकलं. ‘इथे काही नको,’ म्हणाल्या. मी कारण विचारलं नाही. काय विचारणार? चांगलं असतं तर ठेवलं असतं. तुला एप्रिलमध्येच लिहिणार होतो, लाज वाटली.

म्हणजे तू जे ऐकलंस म्हणतेस ते तू ऐकणं शक्य नाही. थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला शांतता ऐकू आली, एकट्या तुला पावलं. मग मी काय समजू? तू गेलीच नव्हतीस? की डुलकी लागली, आणि भाच्याला बरं वाटावं म्हणून रचून लिहिलंस? मेहुण्याचं वाचून तुला वाटलं असेल, याला जरा धीर देऊ. मला कुणी खोटं चढवलेलं चालतं, सगळे चढवतात. तुझ्याकडून चालत नाही. तुझं एकच तोंड होतं ज्याच्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवायचो.

मेहुण्याला जूनअखेरीस हो कळवतो आहे.

खुडबुड्या

*

१९ जून

खुडबुड्या,

तीन आठवडे हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. आज जे होईल ते तसंच पाकिटात घालणार.

मला ऐकू येत नाही.

दीड वर्ष झालं. आधी डावा कान गेला, तेव्हा वाटलं सर्दी आहे. मग उजवाही हळूहळू. आधी पाण्याची उकळी ऐकू येईना, मग दारावरची बेल, मग माणसं. अगदी कानाशी येऊन ओरडलं तर काहीतरी गुरगुरल्यासारखं येतं, त्यातून शब्द निघत नाहीत. फोनचा कंटाळा आला हे खोटं होतं. फोन उचलला की पलीकडे कुणी आहे की नाही हेच मला कळत नाही. चौतीस वर्षं त्याच यंत्राने माझं पोट भरलं आणि आता मी त्याला घाबरते.

लोकांना कळू दिलं नाही. हसते. मान हलवते. ओठांकडे बघून निम्मं ओळखते, उरलेलं सोडून देते. दुकानदाराला चिठ्ठीच देते, म्हणते घशाला त्रास आहे. शेजारीण मनातलं सगळं मला येऊन सांगते, तिला वाटतं माझ्यासारखं कुणी ऐकून घेत नाही.

लायब्ररीवालीचं परवा कळलं. लायब्ररीच्या दारावर पाटी लागली होती, तिने बहिणीच्या स्मरणार्थ पुस्तकं दिल्याची, ती वाचली. फेब्रुवारीत तिची बहीण गेली. त्या दिवशी मध्यंतरात ती मला तेच सांगत होती, आणि मी हसले. कसं तोंड दाखवू तिला?

थिएटरात मात्र मला बरं वाटतं. तिथे मला कुणी काही विचारत नाही. सगळे एकाच दिशेला तोंड करून गप्प बसलेले असतात, त्यात मी खपून जाते. मोठं संगीत असलं तर खुर्चीच्या हातात कंप येतो, तेवढं समजतं. बाकी मी माणसांकडे बघते. बोटं, मान, मनगट. तुला लिहिलेलं सगळं मी तसंच बघितलेलं आहे.

आणि जिनाही. मी रचलं नाही रे. तुझ्या बापाची शपथ. तिथे आवाज नाही हे मला कसं कळणार? मला अख्खा सिनेमाच तसा असतो. तिचा पाय पायरीवर पडला आणि माझ्या डोक्यात वाजला. ओली फरशी मला दिसली आणि चप्-चप् ऐकू आलं. चप्पल निसटली आणि दुसरा आवाज सुरू झाला. दीड वर्षात पहिल्यांदा मी काहीतरी ऐकलं. मला वाटलं, तू इतकं जोरकस केलं असशील की ते माझ्यासारख्या बहिरीपर्यंत पोहोचलं. म्हणून तर मी वेड्यासारखी ते पत्र लिहायला बसले.

तुला का नाही सांगितलं, ते तुझं तूच तुझ्या पत्रात लिहिलंयस. ऐकायला मी शिकवलं म्हणतोस. मग तुझ्यासमोर बहिरी म्हणून कशी उभी राहू? जगासमोर राहिले असते एक वेळ.

आता फर्निचर कर नाहीतर काहीही कर, मी बोलणार नाही. पण मी तुला खोटं चढवलेलं नाही, एवढं मनातून काढू नकोस.

आत्या

*

२३ जून

आत्या,

तुझं पत्र स्टुडिओच्या पत्त्यावर आलं. तिथेच जिन्यात बसून वाचलं. मग आत गेलो आणि एक काम केलं, ते सांगतो.

कापलेला आवाज आम्ही फेकत नाही, ठेवलेला असतो. तो काढला. तुझं मेचं पत्र हातात घेतलं आणि ओळ न् ओळ ताडून बघितली. पहिले दोन मजले मी ओल्या फरशीवर चपला दाबून उतरलोय, चप्-चप्. आठव्यावर चाल बदलली आहे. सहावा ते पाचवा एका पायात चप्पल घालून मी दिवसभर लंगडत होतो, मांडी भरून आली होती. पाचव्यापासून अनवाणी. आणि तिसऱ्यावर किल्ल्या मुठीत धरल्याचा आवाज, तो मला सगळ्यात जड गेला होता, कारण तो आवाज थांबण्याचा आवाज आहे. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तुला तर नाहीच. माझे ते दहा मजले जगात एकाच माणसाने प्रेक्षक म्हणून ऐकले, आणि ते माणूस तू. आणि मी तुला काय काय लिहिलं! माझं तोंड काळं झालं आत्या. पाया पडतो.

तुला न विचारता एक आगाऊपणा केला, तुझी दोन्ही पत्रं मॅडमना दाखवली. त्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून वाचली. मग मी पहिल्यांदा विचारलं, का काढला हो आवाज? त्या म्हणाल्या, ‘वाईट होता म्हणून काढला असं वाटलं का तुम्हाला? इतका खरा होता की लोक नुसते ऐकत बसले असते. मला वाटलं, सगळा काढला तर प्रत्येकाच्या डोक्यात आपापली आई उतरेल.’ मग म्हणाल्या, ‘तुम्ही तेव्हाच विचारायला हवं होतं. आणि मी सांगायला.’ पुढच्या सिनेमाचे कागद त्यांनी तिथेच हातात दिले. मेहुण्याला कालच नाही कळवलं. तो म्हणाला, बरं झालं, तू खिळे ठोकताना पण ताल धरतोस.

आणखी एक. त्या चार दिवसांतलं सगळं गेलं नाही. मॅडमनी एक पाऊल ठेवलंय. शेवटचं, तळमजल्यावरचं. शांतता तिथे तुटते.

शनिवारी सकाळी येतोय, बायकोही येतेय. आधी तुला घेऊन लायब्ररीवालींच्या घरी जायचं. ‘कसं तोंड दाखवू’ म्हणालीस ना, तर जसं आहे तसं दाखव, मी शेजारी उभा राहतो. मग कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे, वेळ घेऊन ठेवलीय. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच मोठ्याने म्हण. मी ऐकणार नाही, आता माझी पाळी.

तुझा,
खुडबुड्या

*

१५ ऑगस्ट

माझ्या लाडक्या खुडबुड्या,

तू पाठवलेले मशीनचे सेल मिळाले. दोन्ही कानांत यंत्रं घालून आठवा आठवडा. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी चालू केलं तेव्हा तुझ्या बायकोने पर्सची चेन ओढली आणि मी दचकून खुर्चीवरून उठले, आठवतं? अजून तसंच आहे. वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्रा फाटल्यासारखं होतं. स्वतःचा आवाज डब्यातून येतो. सगळं पूर्वीसारखं येणार नाही हे त्यांनी सांगितलंय, निम्मं येईल म्हणाल्या. मला निम्मं पुष्कळ आहे. शेजारणीचं तर पाव पुरलं असतं.

लायब्ररीवाली आता रोजच येते. त्या शनिवारी तू निघून गेल्यावर ती पुन्हा आली होती, हे तुला सांगायचं राहिलं. बहिणीबद्दल सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, माझ्याकडे तोंड करून, सावकाश. दोन तास. या वेळी जिथे रडायचं तिथे मी रडले. मग म्हणाली, तू हसलीस तेव्हा मला वाटलं, इतकी वर्षं मी दगडाशेजारी बसून सिनेमे बघितले. मी म्हटलं, दगडच होते, पण बघत मात्र होते.

मधल्या काळात तीन सिनेमे झाले, त्यांच्याबद्दल सविस्तर लिहीन. एकात घोडा फार सुंदर आहे. पण आज परवाच्या गुरुवारचं सांगते. आपल्या थिएटरात तुझा सिनेमा पुन्हा लागला, एकच खेळ. आम्ही दोघी गेलो.

आता खरं खरं मत. पहिला अर्धा तास मला त्रास झाला. बादली ठेवली की डोक्यात बादली. तुझी फडकं पिळल्याची पिचपिच चांगली आहे, पण जरा जास्त आहे. एवढं पाणी एका फडक्यात मावत नाही. दारांबद्दल मात्र तुला मानलं. त्या इमारतीतलं प्रत्येक दार वेगळं वाजतं, आणि आतलं माणूस कसं असेल ते दारावरूनच कळतं. चौथ्या मजल्यावरचं ते दार हळूच लावणारं कोण आहे? त्याचा चेहरा एकदाही दाखवला नाही, तरी मला त्याची काळजी वाटली.

मग हाक आली. ती मी मे महिन्यात ऐकलीच नव्हती, नुसता तिचा दचका बघितला होता. मुलगी नुसतं ‘आई’ म्हणते, जेवायला बोलवावं तसं. आणि पुढच्या क्षणी सगळं बंद. मला वाटलं, सेल गेले! हात कानाकडे नेला, आणि तेवढ्यात माझं लक्ष आजूबाजूला गेलं. सगळं थिएटर तसंच बसलं होतं. कुणी खोकत नाही, कुणी हलत नाही. माना पुढे, डोळे मोठे, सगळ्यांचं लक्ष तिच्या पायांवर. अरे, दीड वर्ष मी जशी बसत होते तशी तीनशे माणसं बसली होती. मला त्या सगळ्यांबद्दल इतकी माया दाटून आली की काय सांगू! एवढा वेळ मला वाटत होतं, मी एकटीच.

आणि मग ते पाऊल आलं.

त्याच्याबद्दल मी दोन दिवस शब्द शोधतेय. लहानसं आहे. उघड्या तळव्याचं, जरा घसरून थांबलेलं. पण तुझ्या मॅडमनी ते का ठेवलं ते मला कळलं. माणूस बोलायच्या आधी जो श्वास येतो ना, ते पाऊल तसं आहे. पुढे दोघी काय बोलतात ते मला निम्मंच लागलं, आणि काही बिघडलं नाही.

दिवे लागले. आम्ही उठत होतो, तर मागच्या रांगेतला एक गृहस्थ बायकोला म्हणाला, ‘ऐन वेळेला आवाज गेला बघ, यांची यंत्रं कायम बिघडलेली.’ तो हळू आवाजात म्हणाला होता, खुडबुड्या. पाठीमागून. आणि मला ऐकू आलं!

मी वळले. म्हटलं, ‘यंत्रं ठीक आहेत. ते मुद्दाम केलंय. आणि त्यानंतरचं जे पाऊल आहे ते माझ्या भाच्याचं आहे, त्याच्यासाठी तो चार दिवस दहा मजले उतरलाय, एका पायात चप्पल घालून.’ आणि मग मी थांबेचना. ओली फरशी सांगितली, किल्ल्या सांगितल्या, सगळं सांगितलं. लायब्ररीवाली माझी बाही ओढत होती. झाडूवाला येऊन उभा राहिला, तोही ऐकत होता. त्या गृहस्थाची बायको डोळे पुसायला लागली.

गृहस्थ शेवटी दोन्ही हात वर करून म्हणाला, ‘अहो बाई, जरा हळू बोला. मला ऐकू येतंय.’

मी म्हटलं, ‘मलाही.’

तुझी,
आत्या